शेगडीतली साखर

लोंकिमाय, ९ जून १९६८

ओतिलिया,

एलिसेओच्या नावाची प्रार्थना येत्या रविवारी चर्चमध्ये ठेवली आहे. माझ्या भावाला जाऊन दोन वर्षं झाली, हे तुला तिकडे अंगोलमध्ये आठवत असेल नसेल, म्हणून कळवते. तू आली नाहीस तरी अडणार नाही. पाय मोडून बसली आहेस असं बसचा ड्रायव्हर एरिबेर्तो सांगत होता. गोठलेल्या रस्त्यावरून या वयात कुठे निघाली होतीस? वाचनालयाची गाडी आली असेल, दुसरं काय.

इकडे यंदा हिवाळा धड सुरू व्हायच्या आधीच, जूनच्या तोंडाला बर्फ पडला. जावई वाल्दो डोंगरात लाकूडतोडीला गेलाय, तो आता वसंतातच खाली येणार. म्हणून मिरेया बाळाला घेऊन माहेरी आली आहे. तिला मागची खोली दिली. एलिसेओ माझ्याकडे राहायला आला आणि त्याच खोलीत वारला म्हणून बायका कुजबुजतात, पण मी असल्या गोष्टी मानत नाही. वाल्दोने जाण्याआधी सगळ्या फटींत वर्तमानपत्र खळीने चिकटवलं, खिडकीला तर मी आधीच खिळे मारून ठेवलेले होते. आता तिथे हवेची झुळूकसुद्धा शिरत नाही. शेगडी मी अंगणात पेटवते, धूर पूर्ण गेला, निखारे लाल झाले की मगच आत नेते, आणि वरून मूठभर साखर नि संत्र्याची साल टाकते. कोळशाचा कोंदट वास नावाला राहत नाही. खोलीत शिरलं की वाटतं सणाचा दिवस आहे.

आणि एवढं करून मुलगी काय म्हणते? डोकं दुखतं. सकाळी उठली की चक्कर, मळमळ, पायात जीव नाही. मी म्हटलं, "पुन्हा दिवस गेलेत का गं?" तर नाही. रविवारी चर्चला नेली की मात्र पाखरासारखी चिवचिवते! आळशीपणा आहे सगळा. मांजरसुद्धा त्या खोलीत थांबत नाही, इतकी ती रडगाणी गाते.

क्लोरिंदा

*

अंगोल, १४ जून

क्लोरिंदा वन्सं,

प्रार्थना ठेवलीत, बरं केलंत. मी इथे माझी करीन. त्याच्यासाठी मला तारखेची आठवण करून द्यावी लागत नाही.

तुमच्या पत्रात तुम्ही ज्या ज्या गोष्टींचा अभिमान सांगितलात, त्यांतली प्रत्येक माणूस मारणारी आहे. खोलीत हवा शिरत नाही म्हणता. थडग्यातही शिरत नाही, त्याचा कोणी अभिमान सांगत नाही.

जळत्या कोळशातून एक विषारी वायू निघतो. कार्बन मोनॉक्साईड. त्याला रंग नाही, वास नाही, तो डोळ्यांना झोंबत नाही. धूर गेला, निखारे लाल झाले, की तुम्ही म्हणता शेगडी शुद्ध झाली. धूर जातो, वायू निघतच राहतो. साखरेने फक्त तुमच्या नाकाची समजूत निघते. सकाळी डोकं दुखणं, चक्कर, मळमळ, आणि मोकळ्या हवेत गेलं की बरं वाटणं, ही त्याचीच लक्षणं आहेत. मिरेया आळशी नाही, तिला विष चढतं आहे. बाळाला तर अजून लवकर चढेल. मांजराला तुमच्यापेक्षा जास्त कळतं, एवढंच त्यातून सिद्ध झालं.

हे मी मनाने रचत नाही. लोताच्या कोळसा खाणीतल्या कामगारांसाठी छापलेलं पुस्तक वाचनालयाच्या गाडीत मिळालं, त्यात आहे. त्यात हेही आहे की या वायूने मेलेल्या माणसाचे गाल गुलाबी दिसतात. एलिसेओ शवपेटीत होता तेव्हा तुम्हीच लोकांना बोलावून दाखवत होतात, "बघा तरी, गेला पण चेहरा किती टवटवीत!" मी तिथेच बसले होते. मला तेव्हा काही ठाऊक नव्हतं, तुम्हालाही नव्हतं. आता ठाऊक आहे. आता पुन्हा तीच खोली, तीच शेगडी आणि त्यात तुमची मुलगी आणि नात.

शेगडी बाहेर काढा. खिडकीचे खिळे उपटा. दवाखान्यातल्या माणसालाही मी लिहिते आहे, तो येऊन बघेल.

ओतिलिया

*

लोंकिमाय, २० जून

ओतिलिया,

माझ्या भावाला हृदयाचा झटका आला. डॉक्टरने तसं कागदावर लिहून दिलंय, शिक्क्यानिशी. तू कोण, डॉक्टरच्या वर? चौथीपर्यंत शिकलेली बाई खाणीतल्या लोकांचं पुस्तक वाचते आणि माझ्या घराला खाण म्हणते! लोकांनी मेहनतीने बांधलेलं घर तुला बघवत नाही. एलिसेओने तुला काय दिलं, एक भाड्याचं घर आणि पुस्तकांचं कपाट. पोटी एक मूल नाही. म्हणून माझ्या नातीवर डोळा! मी एल्बाच्या मनगटाला लाल धागा बांधला आहे, तुझं पत्र आलं त्याच दिवशी.

आणि तुझा दवाखान्यातला माणूस येऊन गेला. कंपाउंडर आहे, चांगला सरकारी पगार घेतो. दारात उभा राहिला, नाक वर करून हुंगलं, म्हणाला, "क्लोरिंदाबाई, असा सुगंध आमच्या घरी असता तर मी कामाला आलोच नसतो." मग चहा प्याला, माझी सोपाइपिया खाल्ली, गरम गरम, भोपळा घालून तळलेली, आणि गेला. जाताना म्हणाला, फार वाटलं तर शेगडीवर पाण्याची किटली ठेवा, पाणी सगळं ओढून घेतं. ठेवली. झालं तुझं समाधान?

मिरेयाला परस्पर काही लिहू नकोस. तिचं डोकं आधीच दुखतंय.

क्लोरिंदा

*

लोंकिमाय, २४ जून

ओतिलिया मामी,

हे पत्र मी आईला न सांगता लिहिते आहे. बेकरीवाल्या सुनिल्दाच्या हाती देते, तिचा भाऊ बसवर असतो. उत्तर द्यायचं तर तिच्याच पत्त्यावर द्या.

आईने तुमचं पत्र चुलीत टाकलं, पण त्याआधी जेवताना सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवलं, हसवायला. शेजारच्या बायका खूप हसल्या. मला हसू आलं नाही. तुम्ही लिहिलंत ते सगळं मला होतं. कपडे वाळत घालायला बाहेर गेले की डोक्यावरचा दगड उतरल्यासारखं वाटतं. आत आले की पुन्हा चढतो.

मामी, हे खरं असतं का? वास नसेल तर कळणार तरी कसं? मी एकदा शेगडी दाराबाहेर नेऊन ठेवली. आई ओरडली, "पोरीला गारठवून मारायची आहे का?" आणि पुन्हा आत आणून ठेवली, साखर टाकून. खिडकी उघडत नाही, खिळ्यांची डोकी लाकडात गेली आहेत. मला हातात जोरच येत नाही हल्ली.

एल्बा आज सकाळी उठली नाही. मी हलवली, गालावर थापट्या मारल्या, तेव्हा कुठे डोळे उघडले, आणि दूध न पिता पुन्हा मिटले. आई म्हणते, शांत मूल आहे, नशीब समज. गाल गुलाबी आहेत, चर्चमध्ये सगळ्या म्हणाल्या, काय तब्येत आहे! तुमच्या पत्रातलं गालांचं मला आठवलं आणि मी हे लिहायला बसले.

मिरेया

*

अंगोल, २८ जून

मिरेया,

खरं असतं. पत्र वाचून पूर्ण होण्याआधी बाळाला उचल आणि त्या खोलीबाहेर ये. पुन्हा तिथे झोपू नकोस. स्वयंपाकघरात झोप, तिथल्या लोखंडी चुलीला धुराडं आहे, ते छपराबाहेर जातं. आई म्हणेल स्वयंपाकघरात मोलकरणी झोपतात. झोपू देत. मोलकरणी सकाळी उठतात. बाळाला घेऊन दवाखान्यात जा, त्या हुंगणाऱ्या कंपाउंडरकडे नको, आठवड्याने जे डॉक्टर येतात त्यांच्याकडे, आणि त्यांना "शेगडी, बंद खोली" एवढ्या दोन गोष्टी आधी सांग. ज्या गोष्टीला वास नाही ती नाकाने शोधणाऱ्या माणसाला सरकार पगार देतं, हे वाचून मी खूप हसले. मग नाही हसले.

कळतं कसं, विचारलंस. घरातल्या सगळ्यांचं एकाच वेळी डोकं दुखायला लागलं, आणि बाहेर पडल्यावर सगळ्यांना बरं वाटलं, की कळतं. दुसरं काही नाही. किटलीने काही होत नाही, सालीने होत नाही, लाल धाग्याने होत नाही.

माझा पाय प्लास्टरमध्ये नसता तर मी स्वतः येऊन त्या काचा फोडल्या असत्या. तसं करता येत नाही, म्हणून याच बसने तुझ्या आईला एक पत्र पाठवते आहे. खोटं आहे आणि घाणेरडं आहे. तिने माझ्याकडून आयुष्यात एक चांगली गोष्ट घेतली नाही, पण माझा अपमान कधी उत्तराशिवाय सोडलाही नाही. ती चिडेल. तू मध्ये पडू नकोस, माझी बाजू तर अजिबात घेऊ नकोस. फक्त बाळ बाहेर ठेव.

मामी

*

अंगोल, २८ जून

क्लोरिंदा वन्सं,

मागच्या पत्रातलं सगळं मी मागे घेते. डॉक्टर शहाणे, कंपाउंडर शहाणा, तुमचं तर विचारायलाच नको. तुमच्या शेगडीबद्दल मला आता काही म्हणायचं नाही.

पण एक गोष्ट भावजय म्हणून कानावर घालायला हवी. तुमच्या दुकानातलं लोकरी कापड इथल्या चर्चमधल्या बायकांनी मागवलं होतं ना? गठ्ठा काल सोडला. मी खुर्चीत बसले होते, म्हणून सगळं बघितलं. एकीने नाकाला रुमाल लावला, मग दुसरीने. करपलेली साखर, ओली लोकर आणि महिनोन्‌महिने बंद असलेलं घर, असा तो वास. फादरची स्वयंपाकीण म्हणाली, "हे दुकानातून आलंय की मांस धुरी देऊन वाळवतात त्या खोपटातून?" दुसरी म्हणाली, "लोंकिमायची माणसं बसमधून उतरायच्या आधी कळतात." मी तुमची बाजू घेतली. म्हटलं, तिकडे थंडी फार, बिचाऱ्या खिडक्या उघडत नाहीत, कपडे वाळत नाहीत, अंघोळीचंही अवघडच. त्यावर त्या आणखी हसल्या.

नगराध्यक्षांची बहीण वसंतात तुमच्याकडे उतरणार होती. ती म्हणाली, आता हॉटेलच बघते. मी काय बोलणार?

तिकडे तेमुको शहरात चांगल्या घरांत म्हणे खिडक्या रोज उघडतात आणि भिंतीत वरच्या बाजूला एक जाळी बसवतात, घराला वास धरू नये म्हणून. पण ती मोठ्या घरांतली गोष्ट झाली. तुमच्याकडे कुठून असणार.

वाईट वाटून घेऊ नका. वास आपल्या आपल्याला येत नाही.

ओतिलिया

*

लोंकिमाय, ५ जुलै

ओतिलिया!

वास! माझ्या घराला वास! तुझ्या त्या स्वयंपाकिणीला सांग, तिच्या आजोळचे लोक माझ्या आजोबांच्या गोठ्यात झोपायचे, तेव्हा त्यांना कुठला सुगंध येत होता? आणि तू तिथे बसून ऐकत होतीस! अंघोळीचं बोलताना तुझी जीभ कशी झडली नाही?

ऐक आता. माझ्या घरात आज एक खिडकी बंद नाही. मागच्या खोलीतले खिळे उपटले, वर्तमानपत्रं खरवडून काढली, गाद्या, पांघरुणं, दुकानातले लोकरीचे तागे, सगळं बर्फात नेऊन झोडपलं. मग चर्चमधल्या सगळ्या बायकांना बोलावलं आणि त्या खोलीत उभं केलं. म्हटलं, "हुंगा! खोटं बोलायचं नाही!" थंडीने त्यांचे दात वाजत होते, पण प्रत्येकीने कबूल केलं की काही वास नाही. फादरांनीसुद्धा. हे तू अंगोलमध्ये जाहीर कर. नगराध्यक्षांच्या बहिणीला माझ्याकडेच उतरायचं आहे, तिला सांग.

जाळी आमच्याकडे कुठून असणार, म्हणतेस? सुतार बोलावला. मागच्या खोलीच्या भिंतीत वर एक आणि खाली एक, दोन जाळ्या बसवल्या. तेमुकोला एक असेल, आमच्याकडे दोन आहेत. दिसायला मात्र भिकार दिसतात. वर एक विणलेलं कापड टांगावं म्हणते, माझ्या हातचं. शेगडी आता अंगणातल्या छपरात असते, राखेनं आत घाण होते म्हणून. मिरेयाच्या खोलीत धुराड्याची लहान चूल बसवली, तीही सुतारानेच. साखर आम्ही आता चहातच घालतो.

मिरेया उठून हिंडायला लागली आहे. मी सान सेबास्तियानला नवस बोलले होते, त्याचा गुण. एल्बा आज इतकी रडली की शेजारी आले बघायला. तू आणि तुझं खाणीचं पुस्तक!

क्लोरिंदा

*

लोंकिमाय, ६ जुलै

मामी,

आईने तुम्हाला काय लिहिलं मला माहीत नाही, पण टाक दोनदा मोडला लिहिताना.

सुनिल्दाने तुमचं पत्र आणून दिलं त्याच रात्री मी एल्बाला घेऊन स्वयंपाकघरात झोपायला आले. दोन दिवस आई माझ्याशी बोलत नव्हती त्यावरून. डॉक्टरांनी एल्बाला बघितलं. मी त्या दोन गोष्टी सांगितल्या, तर त्यांनी एकदम मान वर केली. म्हणाले, अजून काही दिवस त्या खोलीत राहिली असती तर मी काही करू शकलो नसतो. आईला हे मी सांगितलेलं नाही. डॉक्टर सांगणार होते, मीच हात जोडले. तुम्ही म्हणालात ना, मध्ये पडू नकोस.

खिळे तिने स्वतः उपटले, सुताराची वाट न बघता. एक निघेना, तर हातोडीने चौकटच फोडली आणि सगळा वेळ तुम्हाला शिव्या. त्या मी लिहीत नाही. मग बायका आल्या, हुंगून गेल्या. त्या गेल्यावर मला वाटलं ती आता दुकानात जाईल. ती माझ्या पलंगाच्या कडेला बसली. बर्फ आत येत होता, गादीवर पडत होता. मी म्हटलं, "आई, चल, गारठशील." ती म्हणाली, "एलिसेओ आला तेव्हा या खिडकीला खिळे नव्हते. त्याला खोकला होता ना. मीच मारले."

मी गादीवरचा बर्फ झटकला. ती थोड्या वेळाने उठली आणि ओरडायला लागली की काचेवर खळ तशीच राहिली आहे, घरात कोणाला काही दिसत नाही.

एल्बा दूध पिते. चावते सुद्धा.

मिरेया

*

अंगोल, ११ जुलै

क्लोरिंदा वन्सं,

तुमचं पत्र पोचलं. फादरांकडून वासाचा दाखला घेणारी सबंध चिली देशात तुम्ही पहिली बाई असाल. मी इथल्या बायकांना वाचून दाखवलं. त्यांचं म्हणणं, एक दिवस खिडक्या उघडून कोणीही दाखवेल. हिवाळाभर उघड्या राहतात का, ते बघू. बस दर आठवड्याला तिकडे जाते, आणि उतरणारी माणसं बोलतात. तेव्हा जपून राहा.

सान सेबास्तियानला माझाही नमस्कार सांगा. त्याचे उपकार मी मानते. मनापासून लिहिते आहे, यात टोमणा नाही, शोधत बसू नका.

दुकानातलं काळं लोकरी कापड मला दोन झग्यांपुरतं ठेवा. मी ते येऊन घेईन. पुढच्या वर्षी एलिसेओची प्रार्थना मी आल्याशिवाय ठेवायची नाही. तोवर पाय बरा होईल. हॉटेलात मी उतरणार नाही, नगराध्यक्षांच्या बहिणीएवढी माझी ऐपत नाही. मी तुमच्याकडे उतरणार, आणि मला मागचीच खोली हवी. कुजबुजणाऱ्या बायकांना सांगा, त्याची बायको तिथे झोपली आणि सकाळी उठून चहा मागितला. दोन चमचे साखर लागते मला. तुमच्या दारात मी शोक करायला येत नाही. तो मला इथेही होतो, रोज, भांडी घासताना, पुस्तक उघडताना, आणि त्यात कोणाची गरज लागत नाही. मला फक्त एक रात्र त्या खोलीत काढायची आहे.

एलिसेओ खोकायचा तेव्हा सगळं घर जागं व्हायचं, तुमच्याकडेही आणि माझ्याकडेही. त्याला ऊब मिळावी असं ज्याला ज्याला वाटलं, त्यातल्या कोणालाही मी काही बोलणार नाही. तुम्हाला जे बोलायचं ते मी दुसऱ्या गोष्टींवरून बोलेन. त्यांना तोटा नाही.

त्यातली पहिली आत्ताच सांगते. जाळीवर तुमचं ते विणलेलं कापड टांगू नका. तुमचं विणकाम मी पंचवीस वर्षं बघते आहे, ते भिंतीवर लावायच्या लायकीचं नाही. मी आले आणि मला ते तिथे दिसलं, तर फादरांसकट सगळ्यांच्या समोर ओढून काढीन.

ओतिलिया